तू दिलेल्या ड्रायरच्या तब्येतीविषयी

एल्डर बे, मिनेसोटा
जानेवारी सरता सरता

तीर्थस्वरूप लॉवेलदादा यांस,

धाकटी बहीण आर्डिस हिचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द मी शोभेसाठी लिहिलेला नाही. नाताळ झाल्यापासून रोज सकाळी मी तळघराच्या सिमेंटवर पालथी पडलेली असते, कपाळ जमिनीला, एक डोळा आपण आईला भेट दिलेल्या गॅसच्या ड्रायरच्या भोकाला, तेव्हा नमस्कार आपोआपच घडतो आहे. आपली आणि मर्नावहिनींची तब्येत उत्तम असेल. आपला गुडघा, आपलं गोल्फ आणि आपल्या अंगणातलं संत्र्याचं झाड, सगळे सुखरूप असतील अशी आशा करते. (एरवी मी तुला अरेतुरे करते हे मला ठाऊक आहे. ‘आपण’ लिहिलं की राग जरा इस्त्री केल्यासारखा बसतो, म्हणून लिहिलं. फार वेळ निभेल असं वाटत नाही.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तळं पार आतपर्यंत गोठलं आहे, गाडी दर दोन दिवसांनी रुसते, आईचं बरं आहे, माझंही बरं आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही. तक्रार पुढच्या परिच्छेदापासून.

तर ड्रायर. (‘आपण’ इथे संपलं.) रविवारी फोनवर तू विचारतोस, “ड्रायर कसा आहे?” मी सांगते, “चाललंय.” तू म्हणतोस, “छान!” दादा, ज्या गावात तुला मिसरूड फुटलं त्या गावात ‘चाललंय’ म्हणजे मागे घराला आग लागलेली असते आणि पुढच्या दारात माणूस पाहुण्याला कॉफी विचारत असतो, हे तू विसरलास कसा? असो. ड्रायरचं असं आहे की तो पेटतो. त्या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नाही. बटण दाबलं की ड्रम फिरायला लागतो, आतली पेटवणारी कांडी लाल होते, मग नारिंगी होते, टक्‌ असा आवाज येतो आणि निळी ज्योत भस्सकन उठते. बघत राहावी अशी. मला दर वेळी वाटतं, सुधारला बिचारा. थोड्या वेळाने ज्योत जाते. ती जायचीच, मधून मधून विझून पुन्हा पेटायचं हेच तिचं काम, असं तूच मला समजावलं होतंस. पण आमची पुन्हा पेटत नाही. कांडी लाल होते, विझते. परत लाल होते, परत विझते, गॅसचा पत्ता नाही. ड्रम मात्र तासभर इमानेइतबारे गारढोण चादरी घोळवत बसतो आणि शेवटी घंटी वाजवतो. त्या घंटीने मला जो संताप येतो तो शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चारशे पोरांना जेवू घालतानाही कधी आला नाही. कामाचा पत्ता नसताना घंटी कसली वाजवायची?

तू म्हणशील, दोन बायकांच्या घरात एवढ्या चादरी येतात कुठून. हे मी तुला फोनवर कधी सांगितलेलं नाही, कारण फोनवरचं बोलणं आईच्या खोलीत ऐकू जातं. आईच्या उशाशी पाण्याचा पेला असतो. रोज सकाळी ती म्हणते, “आर्डिस, रात्री पेला लवंडला गं.” मी म्हणते, “लवंडणारच, ते टेबलच हलतं.” मग मी तो काठोकाठ भरलेला पेला उचलते, स्वयंपाकघरात ओतून येते आणि चादरी काढते. रबरी कापडही काढते. आम्ही दोघी त्या टेबलाला मनसोक्त शिव्या देतो. (टेबल बाबांनी बनवलेलं आहे आणि ते तसूभरही हलत नाही.) चौऱ्याण्णव वर्षांची बाई, जिने आयुष्यात कुणाच्या घरी दुसरा कप कॉफी मागून घेतली नाही, ती सकाळी सकाळी माझ्याकडे ज्या नजरेने बघते ना, दादा, तेव्हा मी टेबल रंधून बारीक करायलाही तयार असते. तर अशा या चादरी. बाहेर टाकल्या तर दाराच्या फळीसारख्या ताठ होतात. गावातलं धुलाईचं दुकान बंद पडलं, तिथे आता मासे धरायचे गळ आणि जिवंत आमिष मिळतं. त्यामुळे आईची लाज म्हण, अब्रू म्हण, ती सध्या एका निळ्या ज्योतीवर अवलंबून आहे, आणि ती ज्योत टिकत नाही.

आता तुझ्या उपचारांविषयी. तू फोनवरून रोग ओळखलास: कांडी गेली. मी म्हटलं, “अरे, पण ती लाल होते.” तू म्हणालास, “लाल होते म्हणजे बरोबर लाल होते असं नाही.” (हे वाक्य मी त्या आठवड्यात मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं की मला त्यात काहीतरी खोल अर्थ आहे असं वाटायला लागलं. नाही आहे.) मी नवी कांडी आणली, ड्रायरची पुढची पट्टी खरडायच्या पात्याने उचकटली, पोटावर झोपले आणि तू तिकडे उन्हातल्या अॅरिझोनातून सांगशील तसं करत गेले. वहिनी मागून तुला विचारत होत्या की लिंबू सरबतात बर्फ किती घालू. कांडी बसवून झाली. मग तू म्हणालास, “तिला बोटं मात्र लावायची नाहीत हं, लावली की ती जाते.” तोवर मी तिला बोटं लावली होती, पुसली होती, पुन्हा लावली होती. ती कांडी गेली. दुसरी आणली, हातमोजे घालून बसवली. ड्रायर पेटला. किती सुंदर पेटला! आणि विझला. पुढच्या रविवारी तू म्हणालास, वाफ बाहेर टाकणारी नळी तुंबली असणार, बाहेर बर्फाने तिचं तोंड धरलं असेल. बाबांचा जुना कोट घालून, मासे धरताना बर्फ फोडायची ती लोखंडी पहार घेऊन मी गुडघाभर बर्फात गेले. तोंड मोकळं होतं, चांगलं वाफ सोडत होतं. तरी तू सांगितलंस म्हणून मी सगळी नळी साफ केली, आतून कपड्यांच्या भुग्याचा मांजराएवढा गोळा काढला. त्यात बाबांच्या त्या लाल स्वेटरचे धागे होते, जो आई अजून घालते. तो गोळा माझ्याने फेकवेना, मी तो बरणीत घालून ठेवला. नाकाचा शेंडा तेवढा गोठला, पण तोंडावर भुगा आणि राग दोन्ही चढलेले असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. ड्रायर पेटला. आणि विझला. त्याच्या पुढच्या रविवारी तू म्हणालास, “मग नवाच पाठवतो.” मी म्हटलं, “छे, कशाला!” आणि तू म्हणालास, “बरं.” मग म्हणालास की वृद्धाश्रमात मोठमोठे ड्रायर असतात, खोलीएवढे.

दादा, ‘बरं’? एकदाच विचारून ‘बरं’? तिकडे जाऊन विसरला असशील म्हणून लिहिते. आपल्याकडे पहिल्यांदा कुणी काही देऊ केलं तर ती नुसती रीत असते, त्याला ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा देऊ केलं तर तो चांगुलपणा, त्यालाही ‘नको हो, खरंच नको’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की तो माणूस मनापासून विचारतो आहे, मग जरा वेळ खिडकीबाहेर बघायचं आणि म्हणायचं, ‘तुम्हाला फारच त्रास नसेल तर.’ लहानपणी मुख्याध्यापकांच्या बायकोने दुसऱ्यांदा केक पुढे केल्यावर तू हात घातलास म्हणून आईने तुला घरी येईपर्यंत मान वर करू दिली नव्हती, तो तूच ना? अॅरिझोनातली माणसं मला ठाऊक नाहीत, पण तुझ्याकडे बघून असं दिसतं की तिथे ‘नको’ म्हटलं की त्यांना ते खरंच वाटतं. अशा माणसांत राहायचं म्हणजे उपाशीच मरायचं.

याच तिसऱ्या विचारण्यापायी अर्विड टोलफसनचं प्रकरण झालं. शेजारचा अर्विड, तुझ्याच वर्गातला. आयुष्यभर गोदीवर खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची यंत्रं दुरुस्त केली, लग्न केलं नाही, बोलणंही बेताचंच केलं. तो आमचं केकचं भांडं परत द्यायला आला होता. तळघरातून ड्रमचा आवाज ऐकून त्याने कान टवकारले. “ओला वाटतो आवाज,” म्हणाला. “बघू का जरा?” मी म्हटलं, “छे छे अर्विड, तुमची कशाला खोटी करता!” तो म्हणाला, “खोटी कसली, हत्यारं गाडीतच आहेत.” मी म्हटलं, “नको हो, एवढं काही बिघडलेलं नाही.” झाले दोन. मी तिसऱ्याची वाट बघत लिंबाच्या वड्यांची ताटली पुढे सरकवली. त्याने वडी घेतली, खाल्ली, बोटं पुसली, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि फोन वाजला. तुझा होता. तू मला सांगितलंस की तुम्ही दुपारचं जेवण बाहेर बागेत, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात घेतलंत. मी फोन ठेवला तेव्हा अर्विड बूट चढवून दारात उभा होता. “बरं, निघतो,” म्हणाला. तू म्हणशील, मग हाक मारून सांगायचं ना त्याला. बघ, हे तुझ्यातलं अॅरिझोना बोलतं आहे. दोनदा नाही म्हटलेल्या गोष्टीसाठी मी कुठल्या तोंडाने जाऊन हो म्हणू? आणि पुन्हा येऊन विचारायला त्याला काही निमित्त नको? आमचं भांडं तर तो देऊन गेला होता.

म्हणून मी भांडं पुन्हा त्याच्याकडे पाठवलं. बटाटा आणि खिमा भट्टीत भाजून हॉटडिश केलं, वर कुरकुरीत थर चांगला खरपूस केला, आणि ‘जास्त झालं होतं’ म्हणून देऊन आले. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव आहे, तेव्हा ते परत येणार, आणि रिकामं येणार नाही, हे सूर्य उगवण्याइतकं नक्की. आलं. पण आई झोपली असेल, तिला त्रास नको, म्हणून तो ते पायरीवर ठेवून गेला, आत धुरी दिलेला मासा. मी पुन्हा भरून दिलं. या खेपेला ते रविवारी चर्चमधून ला व्हॉन सुंडक्विस्टच्या हाती आलं, आत अंडी. (ला व्हॉन माझ्याकडे आणि भांड्याकडे आळीपाळीने बघत होती. तिच्या डोक्यात अर्विडचं आणि माझं काय शिजलं असेल ते तूच ओळख. सहासष्टाव्या वर्षी एका ड्रायरपायी माझं नाव झालं.) तिसऱ्यांदा मी इतकं वाढून दिलं की उचलणं कठीण झालं. तेव्हा कुठे तो स्वतः आला, आमच्या स्वयंपाकघरात बसला, कॉफी घेतली आणि म्हणाला, “ड्रायर कसा आहे?” दादा, तोंडाला एकदा लागलेली सवय. मी म्हटलं, “चाललंय.” तो म्हणाला, “छान.”

या सगळ्यात चादरी काही थांबल्या नाहीत. आधी तळघरात दोऱ्या बांधल्या, पण तिथे त्या वाळण्याऐवजी आंबतात. मग स्वयंपाकघरात. मग, माझा नाइलाज झाला तेव्हा, बैठकीत, पियानोच्या पायापासून बाबांच्या हरणाच्या शिंगांपर्यंत. आई मधोमध तिच्या खुर्चीत, चारी बाजूंना पांढरं. मला म्हणाली, “जहाजावर बसल्यासारखं वाटतंय.” आणि एका मंगळवारी, न कळवता, रस्ता मोकळा झाला म्हणून, ला व्हॉन दोन बायकांना घेऊन दारात उभी. घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांना भेटायचं चर्चचं मंडळ, जे आई स्वतः चाळीस वर्षं चालवत होती. त्या आत आल्या, चादरी बाजूला सारत सारत आईपर्यंत पोचल्या. “अगंबाई, केवढं हे धुणं!” असं त्यातली एक म्हणून गेली, आणि मग तिला वास आला असावा, कारण तिने रुमाल काढून नाक पुसल्यासारखं केलं. बाकीच्या दोघी पियानोकडे बघायला लागल्या. पियानोवर रबरी कापड पसरलेलं होतं. मी ड्रायरचं सांगायला तोंड उघडलं, पण ड्रायर बिघडला हे कारण चादरी टांगल्या कशाला याचं होतं, इतक्या कशाला याचं नव्हतं. मला फक्त आईचे हात दिसत होते, खुर्चीच्या हातांवर घट्ट धरलेले.

आणि आई ताठ बसली. तू तिला गेली दोन वर्षं तशी बसलेली पाहिलेली नाहीस. म्हणाली, “आमचा लॉवेल येतोय. म्हटलं, घरातली सगळी अंथरुणं एकदा धुऊन घ्यावीत.” त्या दोघींचे चेहरे उजळले. “हो? कधी?” आई म्हणाली, “येईल, एवढ्यातच. कामं असतात त्याला.” ला व्हॉनने रबरी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “घरी मुलगा यायचा म्हणजे सगळं काढावंच लागतं. मीही असंच करते.” (ला व्हॉनला मूलबाळ नाही. मी तिच्याविषयी आजवर जे जे बोलले, विशेषतः तिच्या केकविषयी, ते सगळं मागे घेते.) त्या गेल्यावर आई कॉफी मागून प्याली, चक्क दुसरा कप. मला वाटलं, काय बाई आहे, काय वेळ मारून नेली! मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तळघरात जाऊन ड्रायरवर डोकं टेकून रडले. ड्रायर गारच होता.

पण बातमी ही या गावात कुणी तीनदा विचारायची वाट बघत नाही. रविवारपर्यंत चर्चमध्ये प्रार्थनेनंतर पाद्रीबुवांनीच जाहीर केलं की बोर्गहिल्ड नेसेटच्या, म्हणजे आपल्या आईच्या, लेकाचं स्वागत करायला सज्ज राहा. तिघींनी तुझ्यासाठी लेफ्सा, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, ढिगाने लाटून आमच्या फ्रीजमध्ये आणून ठेवला आहे, त्यामुळे माझं दूध आता खिडकीबाहेर असतं. तुझ्या भाड्याच्या गाडीसाठी अर्विडने आमच्या अंगणातला बर्फ पार कुंपणापर्यंत काढला. आणि परवा तो दार वाजवून आत आला, हातात हत्यारांची पेटी. दादा, हत्यारांची पेटी! मी खिडकीबाहेर बघायची तयारीसुद्धा केली. तो उभ्याउभ्याच म्हणाला, “मी ड्रायरचं विचारायलाच निघालो होतो, पण वाटेत म्हटलं, लॉवेल येतोय, त्याने दिलेली वस्तू आहे, तो बघेलच. आपण मध्ये कशाला हात घाला.” मी म्हटलं, “तसं काही नाही...” तो म्हणाला, “नाही नाही, त्याला वाईट वाटायचं.” आणि पेटी घेऊन गेला. म्हणजे तू न येताही माझी एकुलती एक मदत घालवलीस. येऊन एवढं नुकसान तुला जमलं नसतं.

मग मीच ठरवलं. फोन नाही, अर्विड नाही, पट्टी काढली, उशी घेतली आणि आडवी पडून पूर्ण वेळ बघत राहिले. यंत्र गार असताना ज्योत झकास पेटते. एकदा ते तापलं की कांडी बिचारी आपलं काम करते, पण गॅसच्या व्हॉल्व्हवर ज्या दोन छोट्या कॉइल बसवलेल्या असतात, ज्यांनी ओढून गॅसची वाट उघडायची, त्या उबेत ढिल्या पडतात आणि उघडतच नाहीत. गार होऊ दिलं की पुन्हा शहाण्यासारख्या. मी तीनदा करून पाहिलं, तीनदा तसंच. थंडीत असेपर्यंत घरचं सगळं नीट सांभाळायचं आणि अंगाला जरा ऊन लागलं की हात वर करायचे, असा हा दोष आहे. मी कुणाचं नाव घेत नाही. कॉइल मागवल्या आहेत.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण, मन मोकळं करावं. तुला काही करायला सांगावं असा हेतू नाही. ऑक्टोबरात आई न्हाणीघरात पडली तेव्हा तू विचारलं होतंस, “मी येऊ का थोडे दिवस?” मी म्हटलं, “नको, आम्ही ठीक आहोत.” थँक्सगिव्हिंगला तू पुन्हा विचारलंस, “नक्की नको ना?” मी म्हटलं, “नको रे, तुमचं तिकडे सगळं लागलेलं असतं.” नाताळला फोन वाजला तेव्हा मी टॉवेलने हात पुसत पुसत धावले, ‘तुला फारच त्रास नसेल तर’ हे शब्द तोंडात तयार ठेवून. तू संत्र्यांविषयी सांगितलंस. या वर्षी फार गोड आली आहेत म्हणालास. ऐकून आनंद झाला. वहिनींना नमस्कार. आईचा आशीर्वाद. गुडघ्याची काळजी घे.

तुझी बहीण,
आर्डिस

ता. क. वादळामुळे टपालवाला दोन दिवस आला नाही, त्यामुळे पत्र इथेच राहिलं आणि कॉइल मात्र दुकानाच्या गाडीतून आधी पोचल्या. वीज काढली, गॅस बंद केला, जुन्या काढून नव्या मीच बसवल्या. ज्योत पेटली, विझली, पुन्हा पेटली, पुन्हा विझली, पुन्हा पेटली. मी तळघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. तेव्हा नवा ड्रायर पाठवू नकोस, आणि खोलीएवढ्या ड्रायरचं कौतुकही मला पुन्हा ऐकवू नकोस. तक्रारीचं मूळच उरलं नाही म्हटल्यावर हे पत्र फाडलंस तरी चालेल.

ता. क. २. फाडू नकोस. दादा, ये. मी ‘नको’ म्हणाले ते खोटं होतं, दोन्ही वेळा. ड्रायर मी बघते, चादरी मी बघते, आईला उचलायला तेवढं माझ्या खांद्यात आता बळ नाही आणि हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. तू आला नाहीस तर आईने चारचौघींत काय झाकलं ते सगळ्या गावाला कळेल. वहिनींना आणायचं तर आण, नाही तर एकटा ये. गरम कपडे इथे आहेत, बाबांचा कोट तुला होईल. त्याचं एक बटण तुटलं आहे, ते मी लावून ठेवते.

ता. क. ३. पाकीट बंद करणार होते, पण हे लिहायला हवं. आज चादरी ड्रायरमधून काढल्या, कोरड्या, गरमागरम. आईला हाताला ऊब म्हणून आवडतात, तशा घडी घालायला तिच्या मांडीवर दिल्या. तिने त्या माझ्याकडे परत केल्या आणि म्हणाली, “बैठकीत टांग.” मी म्हटलं, “आई, वाळल्यात गं या.” म्हणाली, “टांग म्हटलं ना.” टांगल्या. मला वाटलं, गावासाठी नाटक पुढे चालू ठेवायचं असेल तिला. दिवेलागणीला मी विचारलं, “आता तरी काढू?” दोन चादरींच्या मधून रस्ता दिसतो तिथे ती बघत होती. मला म्हणाली, “इतक्यात कशाला काढतेस? लॉवेल अजून आलाय कुठे?”